पाया खणताना मातीतली ओढ मोजा

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे निघालं की गाढी नदीच्या खोऱ्यात नेरे लागतं. खाली बेसाल्टचा काळा कातळ, त्यावर मुरूम आणि वर घट्ट चिकणमाती, अशी या पट्ट्यातल्या जमिनीची सर्वसाधारण घडण. उन्हाळ्यात पोकलेननं पाया खणला की मातीची कड भिंतीसारखी सरळ उभी राहते. साइटवर सगळे म्हणतात, माती चांगली आहे. खरं तर ती बऱ्याच अंशी कणांमधल्या पाण्याच्या ओढीवर उभी असते, आणि ही ओढ टिकाऊ नसते.

चिकणमातीची छिद्रं अतिसूक्ष्म. त्यांतलं पाणी हवेला भिडतं तिथे आत वळतं, त्याचा दाब वातावरणाच्या दाबाखाली उतरतो आणि कण एकमेकांशी आवळले जातात. खोदकामानं ही ओढ वाढते. 3 मीटर माती उचलली की तळावरचा 55 ते 60 किलोपास्कल भार कमी होतो. माती फुगू पाहते, पण पाणी लगेच आत शिरू शकत नाही, म्हणून छिद्रांतला दाब आणखी घसरतो. पुढे पाणी हळूहळू झिरपतं, ओढ ओसरते, माती मऊ पडते. लंडनच्या घट्ट चिकणमातीत रेल्वेसाठी कापलेले काही उतार कित्येक दशकांनी घसरले. ब्रिटिश मृदा-अभियंते स्केम्प्टन यांनी 1964 च्या रँकिन व्याख्यानात त्यांचा अभ्यास मांडला. आपल्याकडे जूनचा पाऊस उन्हाळ्यातल्या भेगांतून थेट आत उतरतो. तेव्हा इतकी सवड मिळत नाही.

ओढ मोजायला टेन्सिओमीटर वापरतात: पाण्यानं भरलेली नळी, टोकाला सच्छिद्र सिरॅमिकची टोपी, वर दाबमापक. खरं कौशल्य तो बसवण्यात आहे. पाणी उकळून त्यातली हवा काढायची, टोपी आधी भिजवून ठेवायची आणि भोकात त्याच मातीचा पातळ चिखल घालून ती घट्ट बसवायची. बारीकशी फट राहिली तरी आकडा फसवा येतो. साधं उपकरण 80-85 किलोपास्कलपुढे जात नाही, कारण नळीतल्या पाण्यात बुडबुडे होऊन त्याची सलगता तुटते. 1993 मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये रिडली आणि बरलंड यांनी पाण्याचा साठा अगदी इवलासा ठेवला, टोपीच्या जागी फार बारीक छिद्रांची चकती लावली आणि मोजणी थेट 1500 किलोपास्कलच्या घरात नेली.

पायाच्या खड्ड्याला एवढ्या पल्ल्याची गरज क्वचितच पडते. साधा टेन्सिओमीटरही पुष्कळ सांगतो, फक्त नोंद रोज हवी. ओढ सलग उतरू लागली की काठावरचा मातीचा ढीग हटवायचा, कड तिरकी करायची किंवा तिला आधार द्यायचा, आणि हे होईपर्यंत एकाही मजुराला खाली उतरू द्यायचं नाही.