पाटीवरची समिती

कॉलेजात ‘अंतर्गत तक्रार समिती’ हे नाव सहसा कागदावरच असतं. बोलताना सगळे ‘विशाखा समिती’च म्हणतात. राजस्थानातल्या भटेरी गावात बालविवाह थांबवू पाहणाऱ्या भंवरीदेवी या साथिणीवर, म्हणजे सरकारी ग्रामकार्यकर्तीवर, १९९२ मध्ये सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर विशाखा आणि इतर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी निकाल लागला. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्ध तक्रार समिती हवी, तिची प्रमुख स्त्री हवी आणि समितीवर बाहेरची माहीतगार व्यक्तीही हवी, हे तेव्हा ठरलं.

विद्यापीठांपैकी दिल्लीच्या जेएनयूने ते मनावर घेतलं. १९९९ मध्ये तिथे ‘जीएसकॅश’ ही लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची समिती उभी राहिली आणि विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी आपापले प्रतिनिधी मतदानाने निवडू लागले. २०१७ मध्ये प्रशासनाने ती मोडीत काढली. माझ्या मते या सगळ्या प्रवासातलं हे सर्वांत मोठं नुकसान. मुली निवडून दिलेल्या मैत्रिणीशी बोलतात, नेमलेल्या माणसाशी बोलायला त्या कचरतात.

इतरत्र निकाल फायलीतच राहिला. पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी न्यायालयाला लिहिलेल्या पत्राचीच याचिका झाली आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायालयाला पुन्हा सगळ्यांना बजावावं लागलं. पुढच्याच वर्षी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला, विद्यापीठ अनुदान आयोगाचा (यूजीसी) ‘सक्षम’ अहवाल आला. मे २०१६ मध्ये यूजीसीचे नियमही आले.

त्या नियमांमुळे आमच्या तालुक्याच्या गावातल्या कॉलेजातही समिती झाली आणि मी तिच्यावर होते. व्हरांड्यात पाटी लागली. तिच्यावर नाव असलेल्या एक बाई निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी त्यांचं नाव आणि नंबर तसाच होता. एक मुलगी तीनदा स्टाफरूमच्या दारापर्यंत येऊन परत गेली. चौथ्यांदा आत आली आणि पहिलं वाक्य बोलली, “मॅडम, घरी कळवणार नाही ना? शिक्षण बंद करतील.” दुसरा प्रश्न इंटर्नलच्या मार्कांचा होता. ज्यांच्याविरुद्ध बोलायचं, तेच मार्क देणार होते. तक्रार चालू असताना अशा शिक्षकाला तिचं मूल्यमापन करण्यापासून रोखता येतं, हे नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे. आमच्यापैकी एकीनेही तो नियम वाचलेला नव्हता. वरून “समजुतीने मिटवा” असा निरोप आला आणि मुलीने अर्ज मागे घेतला. मी तेव्हा अडून बसायला हवं होतं.

चौकशी नीट करणं म्हणजे आरोपीला पाठीशी घालणं, असं अनेकांना वाटतं. गोवा विद्यापीठाचं प्रकरण त्यांनी जरूर पाहावं. २००९ मध्ये विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीने ३९ दिवसांत १८ बैठका घेऊन काम उरकलं, विभागप्रमुखांना बडतर्फ केलं गेलं. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली, कारण घाईत त्यांना बाजू मांडायची पुरेशी संधीच दिली नव्हती. चौकशी पुन्हा करा, असा आदेश झाला. तोवर चौदा वर्षं उलटली होती. ज्या मुलींनी धीर करून तोंड उघडलं, त्यांच्या पदरात पुन्हा पहिलं पान. त्याच निकालात न्यायालयाने देशभरातल्या समित्या खरोखर नेमल्या आहेत का, ते तपासायला सांगितलं.

चौकशीला ९० दिवस, त्यानंतर अहवालाला १० दिवस, ही मुदत नियमात आहे. ती पाळायची तर सदस्यांना शिकवावं लागतं, साक्ष कशी नोंदवायची हे दाखवावं लागतं. तक्रारीसाठी मुलीच्या हातात मात्र तीनच महिने असतात, फार तर आणखी तीन. भीती ओसरायला कधी कधी त्याहून जास्त लागतात.

विद्यार्थ्यांशी संबंधित तक्रार असेल तर समितीवर तीन विद्यार्थी प्रतिनिधी हवेत, तेही निवडून आलेले. मुलीचा प्रवेश घ्यायला जाल तेव्हा फी आणि हॉस्टेलबरोबर त्या तिघांची नावंही विचारा.