थेंब लागू पडत नाही तेव्हा

2023च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली. आमच्या घरी आधी नातवाचे डोळे आले, मग सुनेचे, मग माझे. सकाळी चिपडांनी पापण्या चिकटायच्या. फ्रिजच्या दारात मागच्या कुठल्याशा दुखण्यातली, अर्धी उरलेली प्रतिजैविक थेंबांची बाटली होती. ‘घाला दोन-दोन थेंब,’ असे मीच म्हटले. तीस वर्षे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलेल्या बाईने! ती साथ बहुतांशी विषाणूंची होती आणि प्रतिजैविक विषाणूंवर चालत नाही, हे मी दर वर्षी पहिल्याच तासाला सांगत आले होते. आठवड्याभरात सगळे बरे झाले; थेंबांवाचूनही झाले असते. पण म्हणून त्या थेंबांनी काहीच केले नाही, असे नव्हे.

‘ते औषध मला आता लागू पडत नाही, शरीराला सवय झाली,’ असे आपण सहज म्हणतो. सवय शरीराला होत नाही. बदलतात ते जिवाणू आणि हा बदल त्यांच्या जनुकांत लिहिलेला असतो.

डोळ्यांच्या थेंबांत नेहमी आढळणारे मॉक्सिफ्लॉक्सासिन घ्या. जिवाणूला आपल्या डीएनएची प्रत काढताना त्याचा पीळ सोडवावा लागतो. ते काम करणाऱ्या विकरांना हे औषध जखडून ठेवते आणि जिवाणू मरतो. त्यांपैकी एका विकराचा आराखडा ‘जायर-ए’ या जनुकात असतो. त्यात मोक्याच्या जागी एखादे अक्षर बदलले, तरी औषधाची पकड सैल होते. काही जिवाणूंकडे आत शिरलेले औषध बाहेर उपसून टाकणारे पंप असतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूच्या काही वाणांत ‘मेक-ए’ नावाचे जनुक असते. पेनिसिलिनच्या कुळातली औषधे पेशीभित्ती बांधणाऱ्या प्रथिनांना निकामी करतात, तेव्हा हे जनुक तेच काम करणारे, पण त्या औषधांना सहसा दाद न देणारे दुसरे प्रथिन पुरवते.

ही जनुके आपल्या औषधांनी जन्माला घातलेली नाहीत. कॅनडातील युकॉन प्रांतात गोठलेल्या, 30,000 वर्षांपूर्वीच्या मातीतही प्रतिरोधाची जनुके सापडली आहेत. बुरशी आणि जिवाणू एकमेकांविरुद्ध अशी रसायने पूर्वापार वापरत आले, त्यावरचे तोडही तितकेच जुने. आपण फक्त निवड करतो. औषधाने दुबळे मरतात आणि तोड असलेले उरतात. त्यांना मोकळी जागा मिळते, तिथे त्यांचीच संतती वाढते.

याचा एक सुरेख पुरावा डोळ्यांनीच दिला आहे. दृष्टिपटलाच्या विकारात काही रुग्णांना डोळ्यात वारंवार इंजेक्शन घ्यावे लागते. अमेरिकेतील एका अभ्यासात अशा 24 रुग्णांना वर्षभर प्रत्येक इंजेक्शननंतर चार दिवस प्रतिजैविक थेंब दिले, तेही फक्त त्याच डोळ्यात. दुसरा डोळा तुलनेसाठी तसाच ठेवला. थेंब घातलेल्या डोळ्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंमध्ये प्रतिरोध लक्षणीय वाढला. माणूस एकच, रक्त एकच. फरक फक्त थेंबांचा. शरीराच्या सवयीचा समज इथेच संपतो.

निरुपद्रवी जिवाणूंची काळजी कशाला, असे कोणी विचारेल. काळजी अशी, की ही जनुके एकाच जिवाणूकडे राहत नाहीत. त्यांतली बरीचशी प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या लहानशा कड्यांवर असतात आणि एक जिवाणू दुसऱ्याला अशा कड्याची प्रत देऊ शकतो. कधी कधी तर वेगळ्या जातीच्या जिवाणूलासुद्धा! आज पापणीवर मुकाट राहणाऱ्याकडचे जनुक उद्या घातक जिवाणूकडे जाऊ शकते.

घातक म्हणजे किती, हे 2022–23मध्ये अमेरिकेत दिसले. तामिळनाडूत तयार झालेल्या कृत्रिम अश्रूंच्या थेंबांशी निगडित अशी स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूची साथ तिथे पसरली. रुग्णांनी वापरलेल्या बाटल्यांतही तोच वाण सापडला. कार्बापेनेम ही रुग्णालयात गंभीर संसर्गासाठी राखून ठेवलेली औषधे. त्यांना निकामी करणारे ‘व्हिम’ आणि त्याच्या जोडीला ‘जेस’ अशी दोन जनुके त्याच्याकडे होती. 18 राज्यांत 81 रुग्ण नोंदले गेले. 14 जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला आणि चौघे दगावले.

आपल्याकडे शेतात उसाचे पाते किंवा भाताचे तूस डोळ्याला लागते. बुबुळावरच्या काचेसारख्या पारपटलाला ओरखडा जातो आणि त्यात जिवाणू किंवा बुरशी शिरून व्रण होतो. स्यूडोमोनास असेल, तर एक-दोन दिवसांतही पारपटल विरघळू शकते. व्रण खरवडून नमुना प्रयोगशाळेत वाढवायचा आणि कोणते औषध चालते ते पाहायचे, याला दोन-तीन दिवस लागतात. तोवर डॉक्टरांना अनुभवाच्या आधारे थेंब सुरू करावे लागतात. ते लागू पडले, तर त्या शेतकऱ्याचा डोळा वाचतो. प्रतिजैविक थेंबांचे खरे काम हे आहे आणि तिथे ते दर तासालाही घालावे लागतात. त्यात कुचराई चालत नाही.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945च्या नोबेल व्याख्यानात अपुऱ्या मात्रेचा धोका सांगितला होता. त्याच फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या आधी, 1922मध्ये, लायसोझाइम हे जिवाणूंना फोडणारे विकर जगापुढे आणले. ते आपल्या अश्रूंत असते आणि प्रयोगासाठी अश्रू मिळवायला ते स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाचा रस घालत. साध्या साथीत बहुतेक वेळा या अश्रूंची साथ आणि थोडी सवड पुरते. दुखणे वाढले, नजर धूसर झाली किंवा उजेड सहन होईना, तर मात्र त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

ती बाटली मी साथ ओसरल्यावर टाकून दिली. नातवाने कारण विचारले, तेव्हा पहिल्या तासाचा तो धडा त्याला सांगितला. या वेळी आधी माझी चूक सांगून.