थायरॉईडच्या शस्त्रक्रियेनंतर



कर्करोगाचें नांव निघतांच ज्या घरांत बोलणें थांबतें, त्याच घरांत थायरॉईडच्या कर्करोगाविषयीं मात्र एक चमत्कारिक वाक्य ऐकूं येतें : "व्हायचाच होता, तर हा झाला हें बरें." वाक्य सद्भावनेचें आहे आणि तें अगदींच खोटेंही नाहीं. या रोगाचा जो प्रकार सर्वांत अधिक आढळतो, तो बहुधा संथ गतीचा असतो, आणि वेळीं शस्त्रक्रिया झाल्यास बहुसंख्य रोगी पुढें दीर्घकाळ जगतात. परंतु जगणें आणि सुखानें जगणें यांत अंतर आहे. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनीं या रोगांतून उठलेल्या अकराशेंहून अधिक माणसांची विचारपूस करून २०१६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचा रोग यापेक्षां भयंकर होता अशा इतर रोग्यांहून यांचें जीवनमान कांहीं चांगलें आढळलें नाहीं. असें कां व्हावें, तें पाहूं.

थायरॉईड म्हणजे अवटु ग्रंथि. कंठमण्याच्या किंचित् खालीं, श्वासनलिकेला बिलगून ती फुलपाखरासारखी बसलेली असते. शरीराची शेगडी किती प्रखर ठेवावयाची, हें तिच्या स्रावावर ठरतें. ती समूळ काढली तर काय होतें, हें जगाला कळलें तें स्वित्झर्लंडांतील बर्न शहरीं. तेथील थोर शस्त्रवैद्य थिओडोर कोखर यांनीं १८७४ सालीं एका अकरा वर्षांच्या मुलीचें गलगंड झालेलें थायरॉईड संपूर्ण काढलें. जखम उत्तम भरली. शस्त्रक्रिया यशस्वी म्हणून गणली गेली. पुढें तिच्या गांवच्या डॉक्टरांकडून कळलें कीं मुलगी पार बदलली आहे. १८८३ च्या सुमारास कोखरांनीं आपले जुने रोगी मुद्दाम बोलावून तपासले. ती मुलगी वाढावयाची थांबली होती, चेहरा सुजकट व बुद्धि मंद झाली होती. धाकटी बहीण उंचीनें तिच्यापुढें गेली होती. संपूर्ण ग्रंथि काढलेल्यांपैकीं बहुतेकांची हीच अवस्था. कोखरांनीं ती लपविली नाहीं, जाहीर केली. १९०९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. माझ्या मतें हा प्रामाणिकपणाच त्या मानाचा मोठा हिस्सा आहे.

उपाय सांपडला इंग्लंडांत. १८९१ सालीं डॉक्टर मरे यांनीं थायरॉईड निकामी झालेल्या एका स्त्रीला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोंचला. ती त्यानंतर अठ्ठावीस वर्षें जगली, आणि तेवढ्या काळांत तिच्यासाठीं आठशेंहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथि लागल्या ! आज तेंच काम तिळाएवढी गोळी करते. १९१४ सालीं केंडॉल यांनीं या स्रावांतील मुख्य द्रव्य, थायरॉक्सिन, वेगळें काढलें, आणि १९२७ सालीं तें प्रयोगशाळेंत तयारही झालें.

ही गोळी औषध नव्हे, तर काढलेल्या अवयवाची बदली आहे, हें घरांतील सर्वांनीं नीट समजून घ्यावें. ती सकाळीं अनशापोटीं साध्या पाण्याबरोबर घ्यावयाची आणि चहा-न्याहारी निदान अर्धा तास मागें ठेवावयाची. आपल्याकडे अंथरुणांतून उठतांच चहा लागतो; अडचण तेथेंच येते. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी असेल तर मध्यें चार तासांचें अंतर हवें, नाहींतर थायरॉक्सिन पोटांतून रक्तांत पुरतें उतरतच नाहीं. मात्रा कमी पडली कीं थंडी सोसत नाहीं, मलावरोध होतो, दिवसा डोळे मिटूं लागतात, नांवें आठवत नाहींत. अधिक झाली कीं छाती धडधडते, हात कांपतात, झोंप उडते. रोग उलटूं नये म्हणून कांहीं रोग्यांना डॉक्टर मुद्दाम थोडी चढी मात्रा देतात; तेथें हाडें आणि हृदय यांकडे लक्ष ठेवावें लागतें. मात्रा बदलल्याचा खरा परिणाम रक्तांत दिसावयास सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत गुण नाहीं अशी कुरकुर करण्यांत अर्थ नाहीं.

थायरॉईडच्या पाठीशीं मसुराएवढ्या चार लहान ग्रंथि असतात. त्या रक्तांतील कॅल्शियम सांभाळतात. शस्त्रक्रियेंत त्यांना धक्का बसला कीं ओंठांभोंवतीं व बोटांच्या टोंकांना मुंग्या येतात, हातपाय वळतात. हें बहुधा कांहीं आठवड्यांत निवळतें, क्वचित् कायमचें राहतें. मुंग्या आल्या तर 'अशक्तपणा असेल' म्हणून स्वस्थ न बसतां त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावें.

आवाजाचा प्रश्न मला विशेष जिव्हाळ्याचा. माझी धाकटी बहीण शाळेंत शिकविते. दोन वर्षांपूर्वीं तिचें थायरॉईड काढलें. स्वरतंतू हलविणारी मज्जा ग्रंथीच्या अगदीं लगत जाते. ती दुखावली कीं आवाज घोगरा व दुबळा होतो. गाणाऱ्यांना तर वरचे स्वर लागेनासे होतात. बहिणीचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोंचेना. घरीं सासूबाई म्हणत, "गांठ गेली ना, मग आतां काय ?" त्यांचा हेतु वाईट नव्हता, पण दुपारीं चार वाजतांच तिला येणारी थकवणूक त्यांना दिसत नव्हती. वाचोपचार करणाऱ्या बाईंकडे चार महिने व्यायाम केल्यावर आवाज बराच भरून आला. तरी वर्गांत ती आतां कमरेला लहानसा ध्वनिवर्धक लावते, आणि मुलांना त्याचें मोठें कौतुक आहे.

सर्वांनाच नव्हे, पण कांहीं रोग्यांना पुढें किरणोत्सर्गी आयोडीन देतात. मुंबईस परळ येथें अणुऊर्जा खात्याचें रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. तेथें हा उपचार होतो. नंतर कांहीं दिवस लहान मुलें व गर्भवती यांपासून दूर रहावें लागतें, आणि तोंड कोरडें पडतें. नातवंडाला जवळ घेतां येत नाहीं याचें दुःख आजीला औषधाहून कडू वाटतें.

राहिली ती तपासणीची भीति. ठराविक मुदतीनें रक्त व मानेची सोनोग्राफी करावी लागते. अहवाल हातीं येईपर्यंतचे ते दोनचार दिवस बहिणीच्या घरीं कोणी "कांहीं होत नाहीं" असें आतां म्हणत नाहीं. तिचे यजमान रजा काढतात आणि अहवाल आणावयास तिच्याबरोबर जातात.