पट्टीवरची एवढीशी जागा!

कंपासपेटी उघड बरं. पट्टी काढ. सेंटिमीटरच्या बाजूला बारीक बारीक रेघा दिसतात ना? त्यातल्या शेजारशेजारच्या दोन रेघांमधली जागा बघ. एवढुशी! एखाद्या डोंगळ्याला तिथे आडवं पडायचं म्हटलं तरी पाय बाहेर येतील.

ही जागा म्हणजे एक मिलिमीटर. आज आपण हिच्यावर बसून आधी आपल्या धाराशिव जिल्ह्यात आणि मग थेट जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन येणार आहोत. चल!

पावसाळ्यात मोठी माणसं बोलतात ते ऐकलं असशील. ‘आपल्या मंडळात अतिवृष्टी झाली म्हणे!’ हे मंडळ गणपतीचं नव्हे हं. काही गावं मिळून एक महसूल मंडळ होतं. त्या मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला की सरकारी कागदावर अतिवृष्टीची नोंद होते.

आता पट्टीवर ६५ मिलिमीटर मोज. साडेसहा सेंटिमीटर. आपल्या मधल्या बोटाएवढं!

हात्तिच्या! एवढंच? एवढ्याला अतिवृष्टी म्हणायचं?

थांब, थांब. खरी गंमत इथेच लपली आहे.

दूध आपण लिटरने मोजतो. साखर किलोने. मग पाऊस पट्टीने का मोजायचा? तो काय कापड आहे?

त्याचं असं आहे. समजा, पडलेला पाऊस कुठे वाहूनच गेला नाही. जमिनीत मुरला नाही, उन्हाने उडूनही गेला नाही. सगळं अंगण ताटासारखं सपाट आहे आणि पाणी जिथे पडलं तिथेच उभं राहिलं आहे. ते किती उंच साचेल? ती उंची म्हणजे पाऊस!

आता एक कोडं. अंगणात एक मोठं सरळ पिंप ठेवलं आणि त्याच्या शेजारी एक छोटा सरळ डबा. दोघांवर सारखाच पाऊस पडला. पाणी कशात जास्त उंच साचेल?

पिंपात? चूक!

डब्यात? तेही चूक!

दोन्हींत अगदी सारखं! पिंपाचं तोंड मोठं, म्हणून त्यात पाणी जास्त पडतं. पण त्याचा तळही तेवढाच मोठा, म्हणून ते पाणी जास्त जागेत पसरतं. शाळेत नाही का, मोठ्या वर्गात मुलंही जास्त आणि बाकंही जास्त. शेवटी एका बाकावर दोघंच! म्हणून तर पाऊस उंचीने मोजतात. तुझा डबा आणि कुणा शास्त्रज्ञाचं यंत्र, दोघांचं उत्तर एकच येऊ शकतं.

आता आपल्या मिलिमीटरची जादू बघ. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागा घे. दोन मुलं मांडी घालून बसतील एवढी चटई म्हण ना. तिच्यावर एक मिलिमीटर पाणी उभं राहिलं, तर ते किती असेल?

बरोबर एक लिटर! पाण्याची एक बाटली!

मग एक किलोमीटर लांब आणि एक किलोमीटर रुंद अशा रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर? तिथे अशा दहा लाख चटया मावतात. म्हणजे दहा लाख लिटर!

हा आकडा डोळ्यांपुढे येत नाही ना? मलाही आला नव्हता. मग मला एक रेल्वेगाडी आठवली.

सन २०१६चा उन्हाळा. मराठवाड्यात भयंकर दुष्काळ पडला होता. आपल्या शेजारच्या लातूर शहरात नळाला पाणीच नव्हतं. (हे लातूर १९८२ सालापर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं बरं का!) तेव्हा मिरजेहून चक्क रेल्वेने पाणी आणलं. गाडीचं नाव होतं ‘जलदूत’. दहा टाक्यांची ती पहिली गाडी १२ एप्रिलला लातूरला पोचली. कुर्डुवाडी, बार्शी आणि आपलं धाराशिव अशा वाटेने, तीनशेहून जास्त किलोमीटर पाणी वाहत! तिच्यात होतं पाच लाख लिटर पाणी. लोकांनी आनंदाने स्वागत केलं तिचं.

आता हिशेब कर. पाच लाख लिटरची एक गाडी. आणि एका चौरस किलोमीटरवरच्या एक मिलिमीटर पावसात दहा लाख लिटर. म्हणजे तशा दोन गाड्या!

अरे बाप रे! पट्टीवरच्या दोन रेघांमध्ये दोन रेल्वेगाड्या!

आता अतिवृष्टीकडे येऊ. एखादं गाव धर, शिवारासकट दहा चौरस किलोमीटरचं. तिथे एका दिवसात ६५ मिलिमीटर पाऊस पडला. किती गाड्या?

तेराशे! एका गावावर, एका दिवसात, पाण्याने भरलेल्या तेराशे गाड्या!

आणि आपला अख्खा जिल्हा? तो साडेसात हजार चौरस किलोमीटरांहून थोडा मोठा आहे. सगळीकडे फक्त एक मिलिमीटर पडला, म्हणजे पायातली चप्पलसुद्धा नीट भिजणार नाही एवढा, तरी पंधरा हजारांवर गाड्या होतात. आता हसशील का मधल्या बोटाएवढ्या पावसाला?

सन २०२५चा सप्टेंबर आठवतो? भूम आणि परंडा तालुक्यांत पाऊस असा काही कोसळला की सीना नदीला महापूर आला. पाण्यात अडकलेल्या माणसांना काढायला हेलिकॉप्टर आलं. कितीतरी शेतांतलं सोयाबीन गेलं, आणि सोयाबीनच्या खालची मातीही खरडून गेली. तुझ्या घरी किंवा तुझ्या मैत्रिणीच्या घरी हे झालं असेल, तर ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ते सांगताना मोठ्या माणसांचे आवाज अजूनही जड होतात.

बोटाएवढ्या उंचीचं पाणी नदीत गेल्यावर झाडाएवढं कसं होतं? शाळा सुटतानाची घंटा आठव. एकेका वर्गात पन्नासच मुलं असतात. पण घंटा झाली की सगळे वर्ग एकदम एकाच फाटकाकडे धावतात! फाटकात काय चेंगराचेंगरी होते! तसंच प्रत्येक शेतातलं बोटभर पाणी ओढ्याकडे धावतं, सगळे ओढे नदीकडे धावतात, आणि फाटक एकच!

आता तू म्हणशील, एकीकडे रेल्वेने पाणी आणायचं आणि दुसरीकडे हेलिकॉप्टर बोलवायचं, हे काय गौडबंगाल आहे?

याला कारण सह्याद्री! जूनमध्ये अरबी समुद्रावरून ओलं वारं येतं. वाटेत सह्याद्री उभा. वारं डोंगर चढतं, वर जाता जाता गार होतं, आणि त्यातल्या वाफेचं पाणी होतं. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं की आतून थेंब टपटपतात ना? तसंच! म्हणून डोंगरमाथ्यावरच्या महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मग तेच वारं डोंगर उतरतं, पुन्हा गरम होतं, आणि आपल्याकडे येईपर्यंत त्याचा खिसा जवळजवळ रिकामा! आपल्या वाट्याला वर्षभरात साधारण सातशे-आठशे मिलिमीटर. या कोरड्या बाजूला म्हणतात पर्जन्यछायेचा प्रदेश. झाडाची सावली असते तशी डोंगराची ही सावली. फक्त हिच्यात ऊन नाही, पाऊस पोचत नाही.

पण सप्टेंबरात पाऊस एक युक्ती करतो. तो मागच्या दाराने येतो! पूर्वेकडे बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि पश्चिमेकडे सरकत येतात. त्या बाजूला त्यांना अडवायला सह्याद्री नाही. मग महिनाभर रुसलेला पाऊस चार दिवसांत सगळं देऊन टाकतो. आईने पंधरा दिवसांचे डबे एकाच दिवशी दिले तर? पोट दुखेल आणि उरलेले चौदा दिवस उपाशी!

नळदुर्गचा किल्ला पाहिला असशील, तर तिथलं एक जुनं नवल आठवेल. बोरी नदीवर किल्ल्यातच बांध घातला आहे आणि बांधाच्या पोटात आहे पाणीमहाल. आदिलशाहीतला, चारशे वर्षांपूर्वीचा! नदी भरली की बांधावरून दोन धबधबे कोसळतात. एकाचं नाव नर, दुसऱ्याचं मादी. आणि महालात बसलेला माणूस? कोरडा ठणठणीत! नर-मादी वाहू लागले की पाऊस चांगला झाला हे पंचक्रोशीला कळतं. अख्खा किल्लाच पर्जन्यमापक!

पर्जन्यमापक म्हणजे पाऊस मोजायचं भांडं. ते कधीपासून वापरतात, ओळख पाहू! शंभर वर्षं? पाचशे?

अंहं. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्र’ या ग्रंथात ते आहे, आणि हा ग्रंथ दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचा तरी आहेच! त्यात सांगितलं आहे, की धान्याच्या कोठारात हातभर रुंद तोंडाचं एक भांडं पावसासाठी ठेवावं. कुठल्या देशात किती पाऊस पडतो तेही दिलं आहे. त्या यादीत अश्मक देश आहे. गोदावरीकाठचा, आपल्या मराठवाड्याच्या आसपासचा. त्याचा आकडा अगदी लहान! आणि अपरान्ताचा, म्हणजे कोकणाचा? तिथे आकडाच नाही. मोजताच येणार नाही इतका, असं लिहिलं आहे! तेव्हाही सह्याद्री हाच खेळ खेळत होता. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसलो होतो.

चल, आता जगात जाऊ. तुझी पट्टी घे. नको, ती पुरायची नाही!

पहिला मुक्काम मुंबई. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस! पहिलीतल्या मुलाच्या खांद्याला लागेल एवढा. आपल्याला वर्षभरात मिळतो त्यापेक्षा जास्त, एका दिवसात!

दुसरा मुक्काम हिंदी महासागरातलं रियुनियन बेट. जानेवारी १९६६. तिथल्या फॉक-फॉक नावाच्या जागी चोवीस तासांत पडला १,८२५ मिलिमीटर. बाबांच्या डोक्यावरून पाणी! चोवीस तासांचा हा जागतिक विक्रम आजवर कुणी मोडलेला नाही.

तिसरा मुक्काम आपल्याच देशात, मेघालयात. चेरापुंजीला १८६० च्या ऑगस्टपासून पुढच्या वर्षीच्या जुलैपर्यंत बारा महिन्यांत किती पडला? २६,४६१ मिलिमीटर! आठ मजली इमारत बुडेल आणि गच्चीवरची टाकीही दिसणार नाही. आपल्याला एवढा पाऊस मिळायला तीस-पस्तीस वर्षं लागतील!

आणि ४ जुलै १९५६ ला अमेरिकेतल्या युनियनव्हिल गावी काय झालं माहीत आहे? तिथे एका मिनिटात ३१.२ मिलिमीटर पाऊस पडला. एका मिनिटात! आपली जवळजवळ अर्धी अतिवृष्टी. तेवढ्या वेळात तुझे दातसुद्धा घासून होत नाहीत.

आता सगळ्यात अजब मुक्काम. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशातलं अरिका शहर. चक्क समुद्रकाठी वसलेलं! तिथे ऑक्टोबर १९०३ पासून जानेवारी १९१८ पर्यंत पाऊसच पडला नाही. १७३ महिने! विचार कर, त्या काळाच्या सुरुवातीला तिथे जन्मलेलं बाळ रांगू लागलं, शाळेत गेलं, नववीत जाण्याएवढं मोठं झालं, आणि त्याने पाऊस म्हणून कधी पाहिलाच नाही! त्याच्या घरी छत्रीचा काय उपयोग होत असेल?

तुला हे सगळं स्वतः मोजायचं आहे? सोपं आहे. सरळ उभ्या कडांचा एक डबा शोध. लोटा नको, घागर नको, त्यांची पोटं फुगीर असतात. डबा उघड्यावर ठेव, झाड आणि भिंत यांच्यापासून लांब. वाऱ्याने लवंडू नये म्हणून बाजूने विटा लाव. आणि रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून उंची बघ. साडेआठलाच का? आपल्या हवामान खात्याची माणसंही पाऊस तेव्हाच वाचतात! मग पाणी ओतून टाक आणि डबा परत ठेव. गारा पडल्या तर? आधी वितळू दे, मग मोज.

वहीत तारीख लिही, समोर आकडा लिही. आणि पाऊस पडला नाही, त्या दिवशी काय लिहायचं?

शून्य लिहायचं! जागा रिकामी सोडायची नाही. अरिकात पाऊस पडत नव्हता, तरी कुणीतरी ते भांडं बघत होतंच ना? नाहीतर १७३ महिने तिथे थेंबही पडला नाही, हे आपल्याला कसं कळलं असतं?