आंबा विक्रीची वेबसाइट: हंगामाबरोबर माहितीही बदला

कोकणातील अनेक हापूस बागायतदार सगळा माल दलालाकडे न पाठवता काही पेट्या थेट ग्राहकाला विकतात. त्यासाठी कोणी वेबसाइट करून घेतली आहे, कोणाच्या शेतकरी उत्पादक कंपनीची आहे. सुरुवातीला उत्साहाने फोटो, दर, बागेची माहिती टाकली जाते. दुसऱ्या-तिसऱ्या हंगामापासून मात्र तिकडे कोणी फिरकत नाही. मार्चमध्ये पुण्या-मुंबईचा ग्राहक ती उघडतो, तेव्हा ‘बुकिंग सुरू’ असे दिसते, दर मागील वर्षीचा असतो आणि दिलेला फोन लागत नाही. तो दुसरीकडून आंबा घेतो आणि तुम्हाला हे कळतही नाही.

याहून अडचणीचा असतो तो जुन्या दराने आगाऊ पैसे भरून मोकळा झालेला ग्राहक. तो दर पाळला तर पेटीमागे तोटा, नाकारला तर वाद. वेबसाइटवर लिहिलेला दर हा ग्राहकाच्या दृष्टीने तुम्ही दिलेला शब्दच असतो. फोन नंबरचेही तसेच. बंद झालेला मोबाईल क्रमांक काही महिन्यांनी दुसऱ्या व्यक्तीला दिला जातो. तुमच्या पानावर तो तसाच राहिला, तर ग्राहकाचा फोन आणि कधी कधी पैसे भरल्याचा निरोपही परक्या माणसाकडे जातो.

बागेच्या वेळापत्रकाला जोडा

‘महिन्यातून एकदा माहिती बदला’ असा सल्ला दिला जातो, पण बागायतदाराला तो पाळणे जमत नाही आणि त्याची गरजही नाही. आंब्याची कामे ठरलेल्या टप्प्यांनी येतात, त्यांनाच हे काम जोडावे.

पहिला टप्पा मोहोराचा. तुडतुड्यांच्या फवारणीचे नियोजन करता, त्याच आठवड्यात मागील हंगामाचा दर आणि बुकिंगचा अर्ज पानावरून काढा. ‘या वर्षीचे दर मार्चमध्ये जाहीर होतील’ एवढी एक ओळ पुरेशी आहे. दुसरा टप्पा फळधारणेचा. फळधारणेपासून तोडणीपर्यंत साधारण १०० ते १२० दिवस लागतात, त्यावरून पहिल्या मालाचा अंदाज बांधता येतो. कोकणात मोहोर टप्प्याटप्प्याने येतो, अवकाळी पाऊस झाला की गणित पुन्हा बदलते. म्हणून एकच तारीख न देता ‘एप्रिलचा पहिला ते तिसरा आठवडा’ असे लिहावे. उशीर होणार असेल तर तो पानावर आधीच सांगावा. अक्षय्य तृतीयेसाठी पेटी मागवणाऱ्याला आठ दिवस आधी कळले तर तो समजून घेतो, आदल्या दिवशी कळले तर नाही.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा टप्पा तोडणीचा. हापूसचा दर हंगामाच्या सुरुवातीला चढा असतो आणि मेमध्ये आवक वाढली की उतरतो. त्यामुळे दरासमोर तो कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे हे लिहिलेच पाहिजे. नुसते ‘एक डझन अमुक रुपये’ लिहिणे अर्धवट आहे. फळाचा वजनगट कोणता, फळ कच्चे पाठवणार की आढीत पिकवून, वाहतूक खर्च दरात धरला आहे की वेगळा, हे त्याच ओळीत यावे. भांडणे बहुधा दरावरून होत नाहीत, या न लिहिलेल्या गोष्टींवरून होतात.

साक्याबद्दलही स्पष्ट लिहा. साका फळ कापल्याशिवाय दिसत नाही, हे शहरातील बऱ्याच ग्राहकांना माहीत नसते. असे फळ निघाले तर फोटो किती दिवसांत पाठवायचा आणि तुम्ही बदली फळ देणार की पैसे परत, हे ठरवून पानावर ठेवा. दर हंगामात ते एकदा वाचून पाहा. मागील वर्षी कुरिअरने परवडत होते म्हणून दिलेले आश्वासन या वर्षी परवडेलच असे नाही.

हंगाम संपला की पान पुसून टाकू नका. ‘या हंगामाचा आंबा संपला’ असे लिहून पुढील वर्षासाठी नाव व नंबर नोंदवण्याची सोय ठेवा. जूनमध्ये आलेला ग्राहक पुढच्या मार्चमध्ये तुमचाच असतो. आमरस, आंबापोळी, कोकम आगळ विकत असाल तर शिल्लक मालानुसार यादी बदला आणि अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक चालू आहे ना, हे तपासा.

दर फोटोत नको

रंगीत पोस्टरवर दर छापून तोच फोटो वेबसाइटवर चढवण्याची पद्धत फार आहे. ती सोडावी. दर बदलला की नवे पोस्टर करणाऱ्याला शोधावे लागते आणि शेवटी जुनेच राहते. वर ते पोस्टर व्हॉट्सॲपवर फिरत राहते, ते वेगळेच. दर साध्या अक्षरांत लिहिला तर मोबाईलवरून दोन मिनिटांत बदलता येतो. फोटो बागेचा, फळाचा, भरलेल्या पेटीचा असावा, स्वतःचा असावा आणि आकाराने लहान करून टाकावा, नाहीतर पान उघडायला वेळ लागतो.

भौगोलिक मानांकनाचे चिन्ह लावले असेल तर त्याकडेही लक्ष द्या. कोकणातील पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळाले, पण चिन्ह वापरण्याचा अधिकार अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झालेल्यांनाच आहे. तुमची नोंद असेल तर क्रमांक लिहा, नसेल तर चिन्ह काढा.

नाव कोणाच्या नावावर आहे?

वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, विकत मिळत नाही. ते १ ते १० वर्षांच्या मुदतीने नोंदवले जाते आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. ज्याने वेबसाइट बनवली त्याने ते स्वतःच्या खात्यावर घेतलेले असेल, तर नूतनीकरणाची सूचना त्याच्याच ईमेलवर जाते. तो शहरात नोकरीला गेला, नंबर बदलला की सूचना तुमच्यापर्यंत येत नाही. मुदतीनंतर काही दिवसांची सवलत मिळते, पुढे ते नाव कोणीही घेऊ शकतो. तुमच्या शेकडो पेट्यांवर छापलेला क्यूआर कोड मग कोणाच्या पानावर जाईल, याचा विचार करा. त्यामुळे डोमेन तुमच्या किंवा कंपनीच्या नावे, तुमच्या ईमेल व मोबाईलवर करून घ्या. मुदतीची तारीख आणि खात्याची माहिती बागेच्या हिशेबाच्या वहीत लिहा, पासवर्ड मात्र घरात वेगळा जपून ठेवा.

पान उघडताना ‘सुरक्षित नाही’ असा इशारा येत असेल तर सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपलेली असू शकते, लगेच दुरुस्त करून घ्या. वर्डप्रेससारख्या प्रणालीवर साइट असेल तर सुरक्षेचे अपडेट वेळच्या वेळी करावेत, पण आधी प्रत काढून ठेवावी. रंगरूप बदलण्याचे काम पावसाळ्यात करा, ऐन मेमध्ये नको.

गुगल नकाशावरील तुमच्या नोंदीतील नंबर व वेळ इतर कोणीही बदल म्हणून सुचवू शकतो, म्हणून हंगामात ती अधूनमधून पाहावी. आंब्याच्या नावाखाली फसवणूक करणारेही असतात. पैसे कोणत्या नावाच्या खात्यात जमा होतील हे पानावर ठळक लिहा. तुमचे फोटो वापरून कोणी पैसे घेतल्याचे कळले तर पैसे भरलेल्या ग्राहकाला लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करायला सांगा.

विस्तार कर्मचाऱ्यांनी उत्पादक कंपनीच्या डिसेंबरमधील बैठकीत एक तपासणी करून घ्यावी. सभासद नसलेल्या एखाद्याच्या मोबाईलवर वेबसाइट उघडायला सांगावी, त्याने दिलेल्या नंबरवर फोन करावा आणि एक डझनाची मागणी शेवटपर्यंत भरून पाहावी. जिथे तो अडेल तिथे दुरुस्ती करावी आणि हंगामभर माहिती बदलण्याचे काम एका सभासदाकडे नावानिशी द्यावे. एकट्या बागायतदाराला एवढे जमत नसेल तर पाच पाने ठेवू नयेत. बागेचे नाव, गाव, चालू नंबर आणि ‘आजचा दर फोनवर विचारा’ एवढे एकच पान ठेवले तरी चालते.