कुत्र्याला भांग चढते तेव्हा

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच इंदुरीच्या एका शेतकऱ्याने मला वस्तीवर बोलावून नेले. दारातला कुत्रा झोकांड्या खात होता, जरा आवाज झाला की दचकत होता, उभ्या उभ्या लघवी गळत होती. ‘पिसाळला’ म्हणून शेजाऱ्याने काठीही आणली होती. तपासले तर अंग गार, नाडी मंद. रेबीजची लस वेळेवर टोचलेली. काय खाल्ले, असे तीनदा विचारल्यावर घरातला मुलगा मान खाली घालून म्हणाला, “रात्री भांगेचा चोथा उकिरड्यावर टाकला होता, डॉक्टर.”

भांग, गांजा, चरस ही एकाच झाडाची रूपे. त्यातील टीएचसी हे द्रव्य मेंदूवर परिणाम करते. कुत्र्याच्या लहान मेंदूत हे द्रव्य पकडणाऱ्या जागा दाट असतात, म्हणून त्याचा तोल लवकर जातो. खाल्ल्यावर साधारण अर्ध्या ते दोन तासांत लक्षणे दिसतात. द्रव्य चरबीत साठते, त्यामुळे नशा पुरती उतरायला एक ते तीन दिवसही लागतात. मृत्यू क्वचितच येतो. पण गुंगीत झालेली उलटी फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. ठंडाईत मनुका असतील तर कुत्र्याच्या मूत्रपिंडाला वेगळाच धोका.

यावर नेमका उतारा नाही. ताक, लिंबू, मिठाचे पाणी घशात ओतू नये. उलटी करवायची की नाही, हे डॉक्टरांनीच ठरवावे. कुत्र्याला शांत, अंधाऱ्या जागी कुशीवर निजवावे, पोते पांघरावे आणि दवाखाना गाठावा. तेथे सलाईन व औषधी कोळसा देता येतो.

झोकांड्या म्हणजे भांगच, असेही समजू नये. रेबीज किंवा सर्पदंशही असू शकतो. तोंडात हात घालू नका. चावलाच तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच लस घ्या.

धुळवडीला गंमत म्हणून कुत्र्याला भांग पाजणारेही भेटतात. मुक्या जिवाचा तो छळच आहे.

त्या कुत्र्याला सलाईन लावले, ऊब दिली. तिसऱ्या दिवशी तो शेपूट हलवीत माझ्या गाडीला सामोरा आला. मुलगा खरे बोलला म्हणून काठी खाली राहिली. वाचकहो, डॉक्टर म्हणजे पोलीस नव्हे. लाजेपायी काही लपवू नका.