गंधाची साक्ष

मधुमेह हाताबाहेर गेला की रुग्णाच्या श्वासाला पिकल्या फळासारखा गोडसर वास येतो, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. इन्सुलिन कमी पडल्याने शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागते. त्यातून ॲसिटोन तयार होते आणि फुप्फुसांवाटे बाहेर पडते. असे बाष्पनशील, म्हणजे सहज हवेत उडून जाणारे, पदार्थ आपल्या श्वासातून, घामातून आणि त्वचेतून सतत बाहेर पडत असतात. १९७१ मध्ये लायनस पॉलिंग यांनी श्वासाचे नमुने गोठवून तपासले, तेव्हा त्यांत सुमारे २५० पदार्थ आढळले. रसायनशास्त्राची अभ्यासक म्हणून मला पुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो : या वासावर डॉक्टरांनी आणि न्यायालयाने किती विसंबावे?

एकच, ओळखीचा पदार्थ शोधायचा असेल तर काम सोपे असते. नाकाबंदीतले श्वासतपासणी यंत्र फक्त अल्कोहोल मोजते. २१०० मिलिलिटर श्वासात जेवढे अल्कोहोल, तेवढे १ मिलिलिटर रक्तात, असे प्रमाण साधारणपणे धरले जाते. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. पोटातला हेलिकोबॅक्टर जिवाणूही असाच पकडतात. रुग्णाला कार्बन-१३ असलेला युरिया पाजतात. जिवाणू असेल तर तो युरिया फोडतो आणि तोच खुणेचा कार्बन उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सापडतो.

पण बहुतेक आजारांना असा एकच पदार्थ नसतो. स्कॉटलंडमधल्या निवृत्त परिचारिका जॉय मिल्न यांना पतीच्या अंगाचा वास बदलल्याचे जाणवले, ते त्यांच्या पार्किन्सनच्या निदानाच्या सुमारे १२ वर्षे आधी. पुढे रुग्णांच्या एका मेळाव्यात तोच वास इतरांच्याही अंगाला येत होता. एडिंबरा विद्यापीठाचे टिलो कुनाथ यांनी त्यांना १२ टी-शर्ट हुंगायला दिले. सहा रुग्णांचे, सहा निरोग्यांचे. सहाही रुग्ण त्यांनी ओळखले, शिवाय एका निरोगी माणसालाही रुग्ण ठरवले. काही महिन्यांनी त्या माणसालाही पार्किन्सनचे निदान झाले.

मग मँचेस्टरच्या पर्डिटा बॅरन यांच्या गटाने पाठीवरचा तेलकट स्राव, म्हणजे सीबम, गोळा केला. गॅस क्रोमॅटोग्राफने त्यातले घटक वेगळे केले, मास स्पेक्ट्रोमीटरने ओळखले. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : रुग्णांत हिप्युरिक आम्ल, इकोसेन आणि ऑक्टाडेकॅनल वाढलेले, पेरिलिक अल्डिहाइड घटलेले. म्हणजे खूण एका पदार्थाची नाही, अनेकांच्या कमी-जास्त प्रमाणाची. असा ठसा सहज बिघडतो. आहार, तंबाखू, औषधे, साबण, खोलीतली हवा, सारे त्यात मिसळते. ॲसिटोनसुद्धा लांबलेल्या उपवासात वाढते. मधुमेहच हवा असे नाही.

गुन्ह्याच्या तपासात अडचण आणखी वाढते. तिथे आजार नव्हे, माणूस ओळखायचा असतो. पोलिसांचा कुत्रा वासावरून माग काढतो, पण कोणत्या पदार्थांवरून काढला हे तो सांगू शकत नाही. महाराष्ट्रातून गेलेल्या अब्दुल रझाक दफादार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये नेमका हा मुद्दा विचारात घेतला. कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही, त्याच्या वतीने माणूसच बोलतो, आणि कुत्र्याच्या अनुमानावर कोणाचे आयुष्य नि स्वातंत्र्य अवलंबून असू नये, हे आक्षेप न्यायालयाने मांडले. असा पुरावा ग्राह्य धरला तरी त्याला सहसा फारसे वजन देता येत नाही, असे म्हटले.

मला हा निवाडा यंत्रांनाही लागू करावासा वाटतो. यंत्राचा आलेख निदान दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासता येतो, त्याची उलटतपासणी होऊ शकते. हा त्याचा मोठा फायदा. तरीही पार्किन्सन थांबवणारे औषध आज नाही, आणि चुकीच्या ओळखीने भोगलेला तुरुंगवास परत मिळत नाही. म्हणून वासाने शोधाची दिशा दाखवावी. निकाल मात्र दुसऱ्या, स्वतंत्र पुराव्याने द्यावा.